बॅटरीची तब्येत

टॅबलेटची बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली होती आणि तिची तब्येत सांगणाऱ्या फाइलमध्ये मात्र दिसत होतं, ‘गुड’. तनुजाचं चित्त सकाळपासून थाऱ्यावर नव्हतं, त्यात हे. शेवटी तिने ड्रायव्हरच उघडला, म्हणजे बॅटरीला विचारून तिची खबर बाहेर पोचवणारा प्रोग्राम. त्या पठ्ठ्याने बॅटरीला कधी काही विचारलंच नव्हतं. कोणीही फाइल वाचली की ठोकून द्यायचं, ‘गुड’!

“कोण हा शहाणा?” ती शेजारच्या आफताबवर डाफरली.

“डेमोच्या वेळी लिहिलं असेल कोणीतरी. उगाच कोणाच्या जिवाला घोर नको म्हणून.”

जेवणाच्या सुट्टीत तिने मांजरी गावी आईला फोन लावला.

“आई, आबा कसे...”

“बरे हायेत. तू जेवलीस का?”

रोजचंच उत्तर, तेही प्रश्न पुरता व्हायच्या आत. तनुजाचा घास हातातच राहिला.

“आई, तू नको सांगूस. फोन आबांकडे दे.”



पलीकडून आई हळूच म्हणाली, “तुला कुनी सांगितलं?”