थोरले कंद

खुरप्याखाली एक कंद कापला गेला, तसं सावळीरामनं खुरपं बाजूला ठेवलं आणि हातानंच माती उकरायला घेतली.

गुलछडीचा तो वाफा त्याच्या बायकोचा, मालनचा होता. नाशिकरोडच्या रेल्वे क्वार्टरमागं, न्हाणीचं पाणी जिरायचं तिथं तिनं तो केला होता. दर चैत्रात ती कंद उपसायची, एकमेकांपासून मोकळे करायची, सावलीत सुकवून पुन्हा लावायची. सावळीराम रेल्वेत सांधेवाला, रुळांचे सांधे बदलणारा. त्याची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. हे काम करताना त्यानं तिला कधी नीट पाहिलं नव्हतं. तो घरी यायचा तेव्हा वाफा साफ झालेला असायचा आणि मोरीवर धुतलेले दोन कप पालथे असायचे. एक धड, एक कान तुटलेला. दिवसभर एकटं राहिलं की बाईमाणसाचा चहा वाढतो, असं तो समजायचा. तुटका कप फेकून दे म्हटलं तर मालन हसायची आणि फेकायची नाही.

गेल्या भाद्रपदात ती गेली. शेवटी शेवटी तिला धाप लागायची, तरी एकदा म्हणाली, “उन्हाळ्यात कंद काढा. दाटी झाली की फूल येत नाही.”

तेवढं त्यानं लक्षात ठेवलं होतं. वर्ष भरेल तेव्हा पुण्यानुमोदनाला तिच्या तसबिरीपुढं तिच्याच वाफ्यातली पांढरी फुलं ठेवायची. बाजारची नाही. बाजारच्या फुलांना शिळ्या पाण्याचा वास येतो, असं तीच म्हणायची.

त्यानं कंदांचा गड्डा फोडला. मधे थोरला कंद, त्याला बिलगून सुपारीएवढी पिल्लं. सावळीराम चांदवडकडचा, कांद्याच्या घरातला. वडील बियाण्यासाठी कांदा लावताना हातात तोलून मोठा तोच निवडायचे. बारका कांदा बाजूला फेकायचे. त्यानंही थोरले कंद गोणपाटावर मांडले आणि पिल्लं कडेला ढकलली.

“भाऊ, ती बारकी टाकून देणार हाय का?”

मेंदीच्या कुंपणापलीकडं धोंडाबाई उभी होती. शेजारच्या गँगमनची बायको. आणीबाणीच्या आदल्या वर्षी तिच्या शेळीनं या वाफ्यातले कोंब खाल्ले होते. तेव्हा सावळीराम अंगणात उभा राहून सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं बोलला होता आणि मालनला बजावलं होतं, त्या घराशी आजपासून एक शब्द नाही. मालननं मान हलवली होती. तेव्हापासून या बाईचं नाव घरात निघालं नव्हतं.

“कशाला? शेळीला घालायला?” त्यानं वर न पाहता विचारलं.

“शेळी मरून गेली कवाच. तुमचा राग काय मरंना.”

सावळीराम गोणपाटावरचे कंद सारखे करत राहिला.

“थोरले तुम्ही ठेवणार?”

“मग? मालनच्या हातचे आहेत ते.”

धोंडाबाईनं काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. “ठेवा मग,” ती म्हणाली.

कटकट जावी म्हणून त्यानं पिल्लांचं घमेलं कुंपणावरून तिच्या पदरात रिकामं केलं. खुरप्यानं कापलेला तेवढा तिनं परत टाकला.

थोरले कंद त्यानं जिवापाड जपले. शेणखत घातलं. ड्यूटीवरून आला की हातपाय धुवायच्या आधी पाणी घालायचा. पाऊस लागला, पात हिरवीगार झाली. पण श्रावण सरत आला तरी दांडा दिसेना. एकाही कंदाला दिसेना.

आणि कुंपणापलीकडं धोंडाबाईच्या दारात गुलछडी उभी राहिली. संध्याकाळी तिचा वास सावळीरामच्या घरात यायचा. मालन असताना यायचा तोच वास. तो खिडकी लावून घ्यायचा. मालनची फुलं, आणि त्या बाईच्या दारात.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सकाळी तो सायकलवर टांग टाकून बाजारात गेला आणि फुलं घेऊन आला. येताना कुंपणापलीकडं नजर गेली. धोंडाबाईचे सगळे दांडे बुडापासून कापून नेलेले. विकली असतील, त्याच्या मनात आलं. आजच्याच दिवशी.

त्यानं तसबिरीपुढं मेणबत्ती ठेवली. वंदना घ्यायला गुरुजी यायचे होते. बाजारच्या फुलांचा पुडा सोडला तर शिळ्या पाण्याचा वास आला. तो तसाच पुडा हातात धरून बसला.

तेवढ्यात मागच्या दारानं धोंडाबाई आत आली. कडेवर पाटी, पाटीत पांढरे दांडे. तिनं ते तसबिरीपुढं ठेवले आणि हात जोडून उभी राहिली. सावळीरामनं हातातला पुडा खाली ठेवला. त्यानं विचारलं, “माझ्या थोरल्यांना का नाही आली?”

“थोरला एकदा फुलला की त्याचं सरतं, भाऊ. मग पिल्लांनी फुलायचं.”

“तेव्हाच का नाही सांगितलं?”

“माझं ऐकलं असतं व्हय तुम्ही?”

त्यानं मान खाली घातली. “तुम्हाला हे कुणी शिकवलं?”

धोंडाबाईनं तसबिरीकडं पाहिलं. “सकाळपासून पोटात काय नसंल तुमच्या. चहा ठेवते,” ती म्हणाली आणि आत गेली. साखर, पत्ती कुठं आहे ते सांगायला सावळीराम उठून दारापर्यंत गेला. तोवर स्टोव्ह पेटला होता, आधण चढलं होतं. धोंडाबाईनं फळीवरच्या पिठाच्या डब्यामागं न बघता हात घातला, कान तुटलेला कप काढला आणि पदरानं पुसला.

“हाय की अजून माझा कप,” ती म्हणाली.