विरजणाचा दिवा

प्रमिलाकाकू भाकरी थापत असताना त्यांच्या स्वयंपाकघरातला केशरी दिवा लागला. गल्लीतल्या कुठल्याही घरात भीतीने आवाज कापला, की भिंतीतलं यंत्र तो ओळखायचं आणि शेजारच्या घरांत दिवे लावायचं. आज दिव्याखाली तेजश्रीचं नाव उमटलं होतं.

काकूंनी गॅस बंद केला आणि एक रिकामी वाटी उचलली.

तेजश्रीच्या दारात शहनाज आणि लताबाई वाट्या घेऊन आधीच उभ्या होत्या. दार तिच्या नवऱ्याने, विलासने उघडलं.

"पुन्हा विरजण? तुमच्या कुणाच्या घरी दही लागत नाही का?"

"लागतं की, विलासभाऊ. पण तेजूच्या विरजणाचं घट्ट लागतं," असं म्हणत शहनाज सरळ आत शिरली. मागोमाग दोघी.

घाबरलेला आवाज स्थिर होऊन दिवा विझेपर्यंत सोबत सोडायची नाही, असा गल्लीचा नियम होता. लताबाईंनी तेजश्रीचं सुजलेलं मनगट पाहिलं आणि आपली वाटी पुढे केली. दर वेळी तेजश्री मुकाट्याने वाट्या भरून द्यायची.

आज तिने मुलीला कडेवर घेतलं आणि स्वतःचीच एक रिकामी वाटी उचलली.

"काकू, माझंही विरजण संपलंय. तुमच्याकडे येऊ?"

"ये की. पीठ मळलेलंच आहे."

विलास दारात आडवा झाला. चौघी वाट्या धरून समोर उभ्या राहिल्या, तसा तो बाजूला सरला.

काकूंच्या घरी दिवा अजून जळत होता. तव्यावरची पहिली भाकरी मुलीच्या ताटात पडली.

"फुंकून खा गं, गरम आहे," तेजश्री म्हणाली, आणि दिवा विझला.