तळहाताएवढं पान

शनोने गाठोडं सोडलं आणि अंगणात बसलेल्या बायकांचे हात थांबले.

कार्दूची पानं होती. अळूच्या जातीची, बाणाच्या टोकासारखी. पण एकेक पान दोन तळहातांएवढं.

चिमनने एक पान उचलून उजेडात धरलं. मागची दोन टोकं खाली वळलेली होती, आणि कडेच्या जरा आतून एक शीर पानभर फिरली होती. कार्दूच, शंका नव्हती. या हिवाळ्यात लग्न होऊन शहरातून आलेल्या सुनेला, शनोला, हे ओळखायला तिनेच शिकवलं होतं. आणि काल सुनेची पहिली जुडी बघून तीच सगळ्यांदेखत म्हणाली होती, "एवढ्यात कोणाचं भागणार गं? आमच्या घरात माणसं जेवतात, पाखरं नाही."

"आता बोल, चिमन!" शेजारची गेलावेझ हसली. "सुनेने तोंड बंद केलं तुझं."

चिमनची नजर पानावरच होती. ओढ्याकाठचं कार्दू गावातल्या बायका दर वसंतात कापत. पान कापलं की कंद पोसत नाही, आणि कंद पोसला नाही की पान तळहातापलीकडे वाढत नाही. हे पान ज्या कंदाचं होतं, त्याला कित्येक वर्षं कोणी हात लावलेला नव्हता. देठाला ओढ्याची वाळूही नव्हती. ओकखालच्या कुजलेल्या पाल्याची काळी माती होती. गावाभोवतीचे ओक सरपणात गेले होते. उरले होते ते फक्त जुन्या लष्करी चौकीच्या उतारावर.

"कुठून आणलीस?"

"ओढ्याच्या वरच्या अंगाने."

"तिथे दगड होते?"

शनो मान खाली घालून देठ खुडत राहिली. "दगड काय, सगळीकडेच आहेत, आई."

"लाल की पांढरे?"

लढाईत जमिनीत पुरलेले सुरुंग काढून झाले, की दगडांवरच्या धोक्याच्या लाल रंगावर पांढरा लावतात. हे शनोलाही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"लाल," शनो म्हणाली. "पण बकऱ्या जातात तिथून. मी त्यांच्याच वाटेने गेले."

"बकऱ्यांना चार पाय असतात."

गेलावेझने हातातलं पान उलटसुलट करून पाहिलं आणि परत ढिगावर ठेवलं. उजव्या गुडघ्याखालचा प्लास्टिकचा पाय तिने दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. "असली पानं मीही एकदा तोडली होती," ती म्हणाली. "घरी मात्र नाही आणता आली."

"तिथे अजून खूप आहेत," शनो पुटपुटली. "उद्या तुम्हाला पुरतील एवढी..."

चिमन उठली. सगळी पानं ओच्यात भरून ती गोठ्यामागे गेली आणि शेणाच्या उकिरड्यावर ओचा झटकून आली.

"मोठं पान घसा जाळतं," ती म्हणाली. "कितीही उकळा, कितीही आंबट घाला."

हे खरं नव्हतं. अंगणातल्या प्रत्येक बाईला ते ठाऊक होतं. एकीनेही तोंड उघडलं नाही.

काल बाजूला टाकलेली जुडी भिंतीशी तशीच पडली होती. चिमनने ती उचलली, सुकलेल्या कडा खुडल्या, पानं धुतली. दोनदा उकळून पाणी फेकलं. तिसऱ्या पाण्यात मूठभर भरडलेला गहू आणि सुमाकची आंबट भुकटी घातली.

जेवायला सहाजण होते. एकेक पळी वाढून झाल्यावर चिमनच्या नवऱ्याने पातेल्यात वाकून पाहिलं.

"एवढंच?"

शनोने मान वर केली नाही.

"एवढ्यात भागतं," चिमन म्हणाली, आणि रिकाम्या पातेल्याच्या तळाशी रोटीचा तुकडा फिरवू लागली.