मागची गल्ली

"या घरात यापुढे उधारीची काडीसुद्धा येणार नाही!" खुशालरावांनी जाहीर केलं. आवाज असा लागला, की शेजारच्या अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. मग त्यांनी विडी ओठांत धरली, खिसे चाचपले आणि मुलीला हाक मारली. "जमुना, नत्थुजीच्या दुकानातून काडेपेटी आण बरं. लिहून ठेवा म्हणा."

जमुना जागची हलली नाही. आशाबाईंनी चुलीतलं जळतं लाकूड उचलून नवऱ्यापुढे धरलं. विडी पेटली, थोडी मिशीही पेटली. त्या दिवसापासून उधारी खरोखर बंद झाली.

खुशालराव अकोल्यात कापसाच्या एका जिनात कारकून होते. धाकट्या मुलाच्या टायफॉइडात पगार दवाखान्याकडे गेला आणि किराणा नत्थुजींकडून उधारीवर आला. धाकटा बरा झाला, उधारी मात्र अंथरूण सोडीना. आता दर पगाराला तीस रुपये खुशालराव आशाबाईंच्या हातावर ठेवीत. आशाबाई ते दुकानात नेऊन देत.

स्वतः खुशालराव तिकडे फिरकत नसत. ज्याचं देणं आहे त्याच्या दुकानापुढून ताठ मानेनं जायचं नाही, हा वस्तीतला रिवाज. जाणाऱ्यानं मागची गल्ली धरायची. त्या गल्लीत नाली होती, डुकरं होती आणि सकाळी जिनाचा भोंगा व्हायच्या सुमाराला आणखी काही सभ्य गृहस्थ असत. कोणी कोणाला ओळख देत नसे.

घरात साखर बंद झाली. पाहुणा आला तरी गुळाचा चहा. खुशालरावांचं पान सुटलं. आशाबाईंचं लुगडं एवढ्या ठिकाणी ठिगळं लावून दांडलं होतं, की मूळचा रंग कुठला यावर मुलं पैज लावीत.

"बाकी किती रायली?" ते मधूनमधून विचारीत.

"हाये अजून," आशाबाई म्हणत.

"व्याज लावते का तो?"

"व्याजाशिवाय कोण देते आजकाल?"

"मी एकदा जाऊन बोलू का त्याच्याशी?"

"तुमी नका जाऊ. पुरुषमाणसाचा अपमान बरा नाई. मी पाहून राहिले ना."

नत्थुजी मात्र सज्जन निघाले. एकदा राजेश्वराच्या देवळात समोरासमोर गाठ पडली. खुशालरावांना पाहताच नत्थुजींनी प्रदक्षिणा अर्ध्यावर सोडली आणि चपला हातात घेऊन दुसऱ्या दारानं निघून गेले. खुशालरावांचे डोळे भरून आले. आपल्याला लाज वाटू नये म्हणून माणसानं देवालाही अर्ध्यावर सोडावं! दुकानात नवं लोखंडी कपाट आल्याचं कळलं तेव्हा मात्र ते एवढंच म्हणाले, "आपल्याच व्याजाचं असंन."

आशाबाईंनी भाकर उलटवली.

त्या वर्षी जमुना मॅट्रिक पास झाली. अमरावतीच्या कॉलेजात जाईन म्हणाली. सोमवारी फी भरायची होती.

"नत्थुजीचं फिटल्याबिगर कॉलेजचं नाव काढायचं नाई," खुशालराव म्हणाले. "लोक काय म्हणतीन? बाप मागच्या गल्लीनं जाते अन् पोरगी कॉलेजात?"

जमुनानं कोनाड्यातली आपली पुस्तकं बांधली आणि शेजारच्या इंदूबाईंच्या मुलीला देऊन आली. आशाबाईंनी पदर खोचला आणि तडक नत्थुजींचं दुकान गाठलं. मुदत मागायला गेली असेल, असं खुशालरावांना वाटलं. बिचारी!

त्या रिकाम्या कोनाड्याकडे पाहवेना, तेव्हा ते उठले. सायकल बाहेर काढली, पुसली आणि बाजारात विकून आले. नव्वद रुपये आले. नोटा मुठीत धरून ते उधारी झाल्यापासून पहिल्यांदाच दुकानापुढच्या रस्त्यानं निघाले. छाती थोडी पुढे होती.

दुकानात कोणी दिसेना. तेलाच्या डब्यांमागे धोतराचं टोक तेवढं हललं.

"नत्थुजी?"

डब्यांमागून नत्थुजी उभे राहिले. कपाळाला तेल लागलं होतं. "तुमीही आले का? आताच तर वहिनी दम देऊन गेली."

"कशाचा दम? मी उधारी फेडाले आलो."

"कोणाची?"

"माझी. तुमची."

नत्थुजी त्यांच्याकडे पाहत राहिले. "खुशालराव, तुमची उधारी फिटून दोन दिवाळ्या झाल्या."

"मंग हप्ते?"

"ते वहिनी मले व्याजानं देऊन राहिली. हे कपाट त्यातूनच आलं. आता म्हणते, पोरीच्या कॉलेजची फी भरायची हाये, मुदल काढा. सोमवारच्या आत नाई दिलं तर दुकानाच्या पायरीवर येऊन बसतो म्हणते. वस्तीतल्या समद्या बाया घेऊन!"

खुशालराव सरकीच्या पोत्यावर बसले.

"नत्थुजी," ते म्हणाले, "मंग मी मागच्या गल्लीनं काहून जाऊन राहिलो?"

"मले काय माहीत, बुवा? तुमचं घर चुकवाचं म्हणून मी तुमच्या दारापुढच्या रस्त्यानं पाय टाकत नाई, हे मले माहीत."

मग नत्थुजींची नजर त्यांच्या मुठीकडे गेली. त्यांनी कपाळावरचं तेल पुसलं आणि पोतं ओढून जवळ बसले.

"खुशालराव, एक सांगू का? ते पैसे आणलेच हाये, तर सोमवारी वहिनीले फेडाले मलेच द्या. व्याज तेवढं वहिनीपेक्षा कमी लावजा."