फर्गसची टोपी
मतदानाची घंटा घणघणत होती. दारं लागायची वेळ झाली, तरी आमचा मॅलाकी सभागृहाबाहेर फर्गसची विसरलेली टोपी चुरगाळत बसलेला. “ऊठ! तुझ्या एका मतानं आपल्या गावचं हॉस्पिटल वाचेल,” मी, पक्षाचा प्रतोद, खेकसलो. “फर्गस सत्ताधारी पक्षाचा. आई अत्यवस्थ म्हणून गेलाय. त्याचं मत बुडतंय, म्हणून तो येईपर्यंत मीही मत देणार नाही, असा शब्द त्याला दिलाय.” “एरवी डब्लिनच्या संसदेत उठसूट मूलभूत तत्त्वं ऐकवतोस. माणसांचे जीव त्यात बसत नाहीत?” “दिलेला शब्द मोडला, तर उद्या तत्त्वं कोणत्या तोंडानं ऐकवू?” दारं लागली. मतं समसमान पडली आणि सभापतींच्या निर्णायक मतानं हॉस्पिटल बंद करायचं ठरलं. तेवढ्यात मॅलाकीला फर्गसचा फोन आला. त्यानं स्पीकर लावला. “आई वाचली रे! तुमचं हॉस्पिटल जवळ होतं म्हणून! मतदानाचं काय झालं?” मॅलाकीनं फोन माझ्यापुढे धरला.