डावा कप, उजवा कप

"डोळे मीट," तो म्हणाला.

"मिटते. पण आधीच सांगून ठेवते, मी कॉफीची माणूस आहे. चहाला नावं ठेवणारच," बायको म्हणाली आणि खुर्चीत मागे रेलून तिने डोळे मिटले.

दुपार कलली होती. पडदा वाऱ्याने हळूच फुगायचा आणि पुन्हा खिडकीला जाऊन चिकटायचा. सुट्टीच्या दिवशी या वेळेला दोघंही पेंगत असायची. आज मात्र त्याची झोप उडाली होती.

तो एका पेढीत चहा चाखायचं काम करायचा. कुठल्या मळ्याचा माल उचलायचा, हे त्याच्या जिभेवर ठरायचं. ती कोपऱ्यावरच्या दुकानात कॉफीचे दाणे भाजायची आणि भट्टीवरून ते कधी उतरवायचे, हे नुसत्या वासावर ओळखायची. दोघांचं लग्न ठरलं तेव्हा नातेवाइकांनी कपाळाला हात लावला होता. घरात दोन डबे होते, दोन गाळण्या होत्या आणि एक वाद होता. तो जुना झाला होता, पण शिळा झाला नव्हता.

"कॉफी दारातूनच आरडाओरडा करत येते," तो म्हणायचा. "चहा कसा, दार वाजवतो आणि थांबतो."

"थांबतो म्हणून तर गार होतो," ती म्हणायची.

मग हिवाळ्यात दोघांनाही एकदमच ताप आला. ताप गेला आणि जाताना नाकातला वास, जिभेवरची चव, सगळं घेऊन गेला. काही दिवस दोघं समोरासमोर बसून गरम पाणी प्यायल्यासारखे आपापले कप रिकामे करत होती. एका सकाळी तिने कॉफीच्या डब्यात नाक खुपसलं आणि म्हणाली, "आला. आला हो वास."

तिचा चेहरा असा काही उजळला होता की त्यावर विरजण घालायचं त्याच्या जिवावर आलं. "मलाही," तो म्हणाला. दोन दिवसांत आपलाही येईल, असं त्याला वाटलं होतं. तो आलाच नाही.

तेव्हापासून त्याने डोळ्यांवर निभावलं होतं. पानाचा पीळ बघायचा, उतरलेल्या चहाचा रंग बघायचा आणि डोळे मिटून मान हलवायची. कुणाला शंका आली नाही. पण काल मालकांनी त्याच्यासमोर दोन पुड्या ठेवल्या. एक डोंगरावरच्या मळ्याची, एक खोऱ्यातल्या मळ्याची.

"वर्षभराचा माल यातल्या एकाकडून घ्यायचा," मालक म्हणाले. "तुम्ही म्हणाल तो."

पानं जुळी भावंडं शोभावीत अशी होती. रंगही तोच. त्याने दोन्ही चहा पुन्हा पुन्हा चाखले आणि पहिल्यांदाच मनापासून घाबरला. चुकीचा माल उचलला तर जन्मभर कमावलेलं नाव जाणार होतं. त्याहून वाईट म्हणजे तिला सांगावं लागणार होतं, की त्या सकाळचं "मलाही" खोटं होतं.

"घरी शांतपणे चाखतो," असं सांगून त्याने दोन नव्या पुड्या बांधून आणल्या आणि तिच्यासमोर त्याचा खेळ केला. कॉफीवाल्यांना चहातलं काही कळतं का, बघू या.

मघाशी तो स्वयंपाकघरात डावी किटली भरत होता, तेव्हा ती बाहेरून ओरडली होती, "अहो, कॉफीवालीला चहा पाजताय, सोबत बिस्किट तरी द्या."

"बिस्किटाने जीभ बिघडते," त्याने आतून सांगितलं होतं आणि बोलता बोलता उजवी किटली भरली होती.

आता तिने डावा कप ओठाला लावला. घोट तोंडात घोळवला. वाफ तिच्या केसांवरून वर गेली आणि उन्हात विरली.

"ओल्या दगडाचा वास आहे," ती म्हणाली. "कडेने थोडा गवताचा. बरा आहे."

त्याने उजवा कप तिच्या हातात दिला. तिने आणखी वेळ घेतला. त्याला वाटलं, ही आता झोपेतून बोलणार.

"हा गोडसर आहे. घोट संपला की मागे एक फूल राहतं. कुठलं, ते नाही सांगता येत."

"फरक आहे ना नक्की?"

"जमीन-अस्मानाचा. उजवा घ्या."

उजवा म्हणजे खोऱ्यातला. त्याच्या छातीवरचा दगड उतरला. त्याने तिचा हात हातात घेतला. लग्नानंतर इतकी वर्षं झाली, पण ही बाई आपल्याला इतकी हवीशी कधी वाटली नव्हती, असं त्याला वाटून गेलं.

"तुझ्या नाकाला तोड नाही," तो म्हणाला.

"नाकाचं कौतुक पुरे," ती म्हणाली. डोळे तिने उघडले नाहीत. "बसा ना थोडं."

तो बसला. तिचा श्वास हळूहळू संथ झाला. उद्या मालकांना सांगून आलो की हिलाही सगळं खरं सांगून टाकायचं, त्याने ठरवलं. ती रागावेल, मग हसेल. घरात एक नाक शाबूत होतं, तेवढं दोघांना पुरलं असतं.

तिचा हात अलगद सोडून तो पुड्या पिशवीत ठेवायला आत गेला. ओट्यावर डोंगरावरच्या मळ्याची पुडी उघडी पडली होती आणि जवळजवळ संपली होती. खोऱ्यातल्या मळ्याची पुडी शेजारीच होती, आणि तिचा दोरा अजून कुणी सोडलाच नव्हता.