घुबडाचे नऊ कत्तलखाने

“ए घुबडा, मांस एवढं महाग का रे?”

“हं, अगदी असंच लिही. ‘रे’सकट,” कप्तान म्हणाली. “आहे ना हिंमत?”

कप्तानच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे तिघी दाटीवाटीने बसल्या होत्या. कीबोर्ड सुरीच्या मांडीवर होता. वडिलांचं मटणाचं दुकान, म्हणून शाळेत तिला सुरी म्हणत. वर्षापूर्वी अशी हाक आली की तिची मान खाली जायची. आता ती कमरेवर हात ठेवून “काय गं?” म्हणायची. ही सगळी या ऑनलाइन खेळाची करामत.

खेळात जुन्या काळचं राज्य होतं, तटबंदीचं शहर होतं, आणि शहरामागच्या डोंगरावर तिघींनी वर्षभर खपून बांधलेला गड होता. रविवारी सहाला शत्रू त्या गडावर चालून येणार होता. गड राखायचा तर ड्रॅगनला पोटभर मांस हवं. उपाशी ड्रॅगन पंखसुद्धा हलवत नाही. आणि शहरातले नऊही कत्तलखाने एकाच खेळाडूच्या हातात. नाव घुबड. कोण, कुठला, यावर शहरभर नुसते तर्क चालायचे. महिन्याभरात या घुबडाने मांसाचा दर पाच मोहरांवरून चाळीसवर नेऊन बसवला होता.

सुरीने बाजाराच्या फळ्यावर, सगळ्या शहराला दिसेल असा, प्रश्न लिहिला. डोळे मिटले आणि बटण दाबलं.

“मेले मी,” म्हणत ती हसत सुटली, आणि पोट धरून, हातातल्या मोबाईलसकट बाथरूमकडे पळाली.

परत येते तो दोघी पलंगावर उभ्या राहून नाचत होत्या.

“आलं उत्तर,” चष्मिशने तिला ओढतच आणलं. “वाच, वाच.”

घुबडाने लिहिलं होतं, ‘जनावराला चारा लागतो, पात्याला धार लागते, फरशीवरचं रक्त धुवायला पाणी लागतं. तुम्हाला नुसता ताटातला तुकडा दिसतो.’

“काय पण ऐट. रिटायर झालेला कोणीतरी काका असणार,” चष्मिश म्हणाली.

“टकलू काका,” सुरी म्हणाली. तिचे कान लालबुंद झाले होते.

कप्तान मात्र पलंगावरून उतरली आणि सरसावून बसली. “काका असो नाहीतर काकू, आता जिरवायचीच. उद्या सहापर्यंत कुणीही मांस घ्यायचं नाही. कापलेला माल खेळात एका रात्रीत नासतो. बसू दे त्याला माशा मारत.”

तिने ते फळ्यावर लिहिलंसुद्धा. पाच मिनिटांत साठ खेळाडूंनी होकार कळवला. सुरी फळ्यावरचे होकार मोजत राहिली.

“अगं, पण आपला ड्रॅगन?”

“राहील उपाशी. तू काय त्या घुबडाची वकील आहेस?”

“मी कशाला,” सुरी म्हणाली आणि चप्पल शोधायला लागली.

संध्याकाळी ती तडक दुकानात गेली. बाबा मटण कापायचा लाकडी ओंडका मिठाने घासत होते. आई वजनकाटा पुसत होती.

“बाबा, समजा सगळ्या गिऱ्हाइकांनी एकी केली आणि माल घेतलाच नाही. तर दुकानदार काय करतो?”

“भाव उतरवतो.”

“आणि हट्टाने नाहीच उतरवला तर?”

बाबांचा हात थांबला. “मग माल कुजतो. त्याचं एवढं नाही, कुजलेला माल फेकून देता येतो. पण रोजचं गिऱ्हाईक दुकानासमोरून मान फिरवून जायला लागलं ना, की जेवण जात नाही, बाळा.”

“आज फारच धंद्याच्या चौकशा,” आई म्हणाली. “गल्ल्यावर बसायचा विचार आहे की काय बाईसाहेबांचा?”

सुरी हसली. रात्री मात्र ती दोनदा उठून पाणी प्यायली.

रविवारी पाचला कप्तानचा फोन आला. “दर चाळीसच आहे गं. साठातले निम्मे फुटले, गपचूप जाऊन मांस घेऊन आले. आम्ही दोघींनी नाही घेतलं.”

“मग गड जाणार.”

“जाऊ दे. पुन्हा बांधू. पण काल अख्ख्या शहरापुढे घुबडाला जाब विचारलास ना, मला तर जमलंच नसतं. चष्मिश आणि मी सकाळपासून तेच बोलतोय. पुन्हा बांधताना तू हवीस. आहेस ना?”

“आहे,” सुरी म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग एकदम हसली, डोळे पुसले आणि धावतच स्वयंपाकघरात गेली. आईबाबा चहा घेत होते. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

“आई, बाबा, ठरलं,” ती म्हणाली. “सहाच्या आत मी माझे नऊही कत्तलखाने त्या दोघींच्या नावावर करणार, आणि घुबड मीच आहे हेही सांगणार.”